दुखतंय किती ते सोडा, पाऊल उचलतंय का ते सांगा

माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात येणारा माणूस दारात चपला कशा काढतो, हे मी खुर्चीत बसून बघत असते. सायटिकावाला, म्हणजे कमरेतली नस चिडून पायात कळ उतरलेला माणूस, तिथेच ओळखू येतो. तो वाकत नाही. एका हाताने चौकट धरतो, दुखऱ्या पायातली चप्पल दुसऱ्या पायाने ढकलून काढतो आणि खुर्चीवर टेकतो तेही एकाच कुल्ल्यावर.

गेल्या पावसाळ्यात असाच एक टेम्पोवाला आला. वय ३८. भाजीचे क्रेट उतरवताना कमरेत कट्‌कन झालं, आठवडाभर कंबर धरली. मग कंबर सुटल्यासारखी वाटली आणि डाव्या कुल्ल्यापासून पिंढरीपर्यंत ठणका सुरू झाला. उभं राहिलं की धड उजवीकडे कललेलं, जणू डाव्या खांद्याने कुणाला तरी वाट करून देतोय. हातात एमआरआयची ती मोठी पांढरी पिशवी. टेबलावर ठेवत म्हणाला, "मॅडम, मणक्यात गॅप पडलाय. नस दबलीय. ऑपरेशन लागंल म्हणतात. तुमच्याकडं काय होण्यासारखं असंल तर बघा."

पिशवी मी तशीच बाजूला ठेवली. म्हटलं, "दादा, आधी टाचांवर चालून दाखवा. चवडे वर. भिंतीपर्यंत जा आणि परत या."

"दुखतंय कमरंपासनं आणि तुम्ही टाचा काय बघताय?"

फिजिओथेरपी पुरेल की शस्त्रक्रिया लागेल, या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या चार पावलांत असतं. माणूस किती विव्हळतोय त्यात ते नसतं. हे उलटं वाटतं, म्हणून नीट सांगते.

गॅप पडत नाही, गादी सरकत नाही

आधी शब्दांचा गुंता सोडवू. दोन मणक्यांमध्ये जी गादी असते तिला बाहेरून चिवट तंतूंच्या थरांचं कडं असतं आणि आत जेलीसारखा मऊ गर. ही गादी वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. ती साबणाच्या वडीसारखी सटकत नाही, त्यामुळे 'स्लिप डिस्क' हा शब्दच फसवा आहे. होतं ते असं: कड्याला चीर जाते आणि गर बाहेर ढकलला जातो. पुरणपोळी लाटताना कडेला फाटून पुरण बाहेर येतं ना, तसं.

'गॅप'ची तर गंमतच आहे. एक्स-रेमध्ये गादी दिसत नाही, फक्त दोन हाडांमधली मोकळी जागा दिसते. गादी झिजली की ती जागा कमी होते. म्हणजे निसर्गाने दिलेला गॅप थोडा घटलेला असतो, आणि आपण गावभर सांगतो की गॅप पडला! त्यातून माणसाला वाटतं की आपल्या पाठीत फट पडली आहे आणि जरा हललो तर कणा मोडेल. या भीतीने जितकी माणसं अंथरुणाला खिळतात तितकी गादीने खिळत नाहीत, असं माझं मत झालंय.

आता नस. सायटिक हा शरीरातला सगळ्यात जाड मज्जातंतू, जवळजवळ आपल्या करंगळीएवढा. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांजवळून आणि त्याखालच्या त्रिकास्थीतून निघणारी मुळं एकत्र येऊन तो बनतो, कुल्ल्यातून मांडीच्या मागे उतरतो आणि गुडघ्याच्या वर दुभंगून पावलापर्यंत जातो. कमरेत गादी फाटून नस दबण्याचे सुमारे ९५ टक्के प्रकार शेवटच्या दोन गाद्यांवर घडतात. त्यामुळे दुखण्याचे नकाशेही ढोबळमानाने दोनच. पाचव्या मुळाला त्रास झाला तर कळ नडगीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या पाठीवर आणि अंगठ्याकडे जाते. त्याखालच्या मुळाला झाला तर पिंढरी, टाच आणि करंगळीची कड. कळ कुठवर जाते हे रुग्णाने बोटाने दाखवलं की मी मनातल्या मनात मणका मोजलेला असतो.

नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो या वैद्याने १७६४ साली हे दुखणं सांध्याचं नसून मज्जातंतूचं आहे असं लिहून ठेवलं. आपल्याकडे आयुर्वेदात त्याचं नाव गृध्रसी. गिधाड जमिनीवर जसं लचकत चालतं तशी चाल होते, म्हणून. पण मूळ दोष गादीत आहे हे ठामपणे मांडलं गेलं ते १९३४ मध्ये, बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांच्या लेखात. त्याआधी शस्त्रक्रियेत सापडलेला हा गर म्हणजे एखादी गाठच असावी, असं शल्यविशारद समजत.

एक गोष्ट त्यांनाही तेव्हा पुरती ठाऊक नव्हती. नस नुसती दाबल्याने इतकी ठणकत नाही. बाहेर आलेल्या गरातल्या रसायनांनी तिच्याभोवती दाह होतो, ती सुजते, आणि सुजलेल्या नसेला मग खोकलासुद्धा सोसत नाही. पुढचं सगळं याच दाहावर अवलंबून आहे, कारण दाह ओसरतो.

शरीर स्वतः झाडून घेतं

बाहेर पडलेला गर शरीराला परका वाटतो. पांढऱ्या पेशी त्याच्यावर तुटून पडतात आणि महिन्यामहिन्याने तो खाऊन टाकतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात याचे आकडे आहेत. गादी नुसती फुगली असेल तर ती आपोआप ओसरण्याचं प्रमाण १३ टक्के. मर्यादित बाहेर आली असेल तर ४१. कडं फोडून गर बाहेर लोंबत असेल तर ७०. आणि तुकडा पूर्ण तुटून सुटा पडला असेल तर ९६ टक्के! म्हणजे रिपोर्टवर जो शब्द वाचून घरात रडारड होते, त्याचंच जिरून जाण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त.

त्याच वर्षी दुसरा एक मोठा आढावा आला, तो ज्यांना काहीही दुखत नाही अशा माणसांच्या एमआरआयचा. विशीतल्या ३० टक्के धडधाकट लोकांच्या गाद्या फुगलेल्या होत्या, ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के. झीज विशीत ३७ टक्के, ऐंशीत ९६. केस पिकतात तशा गाद्या पिकतात. म्हणून फिल्ममध्ये काही दिसलं एवढ्यावर काहीच ठरत नाही. दिसतंय त्याच बाजूला, त्याच मुळाच्या वाटेवर दुखतंय का, हे जुळलं तर त्या फिल्मला किंमत. माझ्याकडे एकदा एक गृहस्थ उजव्या बाजूच्या गादीचा रिपोर्ट घेऊन आले आणि दुखत होता डावा पाय. खरा आजार निघाला खुब्याच्या सांध्याचा.

धोक्याची लक्षणं नसतील तर पहिल्या काही आठवड्यांत एमआरआय काढायची गरज सहसा नसते. शस्त्रक्रियेचा किंवा इंजेक्शनचा विचार असेल, किंवा काही वेगळाच संशय असेल, तेव्हा तो काढावा. वेगळा संशय म्हणजे ताप, वजन उतरणं, रात्री पडून राहिलं तरी न थांबणारी दुखी, पूर्वी झालेला कॅन्सर, पडल्या-झडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं. मणक्याचा क्षय आपल्याकडे अजून भरपूर दिसतो आणि सुरुवातीला तो 'कंबरदुखी' म्हणूनच वावरतो. नागीणसुद्धा पुरळ उठायच्या आधी दोन-तीन दिवस हुबेहूब सायटिकाचं सोंग घेते.

पालथं झोपल्यावर कळ कुठे गेली?

टेम्पोवाल्याला टाचांवर चालता आलं. दुखत होतं, पण दोन्ही चवडे सारखेच वर राहत होते. चवड्यांवरही चालला. अंगठा मी बोटाने खाली दाबला तर त्याने तो तितक्याच जोराने वर रेटला. लघवी-संडास व्यवस्थित. मग उताणा झोपवून, गुडघा सरळ ठेवून डावा पाय हळूहळू उचलला. साधारण ३५ अंशांवर त्याने टेबलाची कड गच्च धरली, पिंढरीपर्यंत करंट गेला. ही तपासणी फ्रान्सच्या लासेग यांच्या नावाने ओळखली जाते. पाय उचलला की सायटिक नस ताणली जाते, आणि दाह झालेल्या नसेला ताण खपत नाही.

म्हणजे नस चिडलेली आहे, पण तिचं काम चालू आहे. अशा माणसाला वेळ मिळतो. माझं काम तो वेळ कामी लावायचं.

आधी त्याचं कललेलं धड सरळ करायचं. त्याला भिंतीला खांदा लावून उभं केलं आणि कुल्ले हळूहळू भिंतीकडे सरकवायला लावले, दहा-बारा वेळा. मग पालथं झोपवलं, पोटाखाली उशी न देता. पाच मिनिटांनी कोपरांवर टेकायला सांगितलं.

"आता कुठं दुखतंय?"

"कमरंत वाढलं की ओ!"

"आणि पिंढरीत?"

थोडा वेळ शांतता. "पिंढरीत... न्हाई. कुल्ल्याशी आलंय."

याला मी खूश होते आणि रुग्ण नाराज. कंबर जास्त दुखायला लागली तर कोण खूश होईल? पण सायटिकात दुखणं पावलाकडून कमरेकडे गोळा होत येणं हे चांगलं चिन्ह. कमरेकडून पावलाकडे उतरत जाणं हे वाईट. तीव्रतेपेक्षा दिशा महत्त्वाची. हे लक्षात यायला एक अपघात कारणीभूत झाला. १९५६ मध्ये न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्ये रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टने एका रुग्णाला टेबलावर पालथं झोपायला सांगितलं. टेबलाची डोक्याकडची बाजू आधीच्या रुग्णासाठी उचललेली होती, ती तशीच राहिली, आणि हा माणूस काही मिनिटं कंबर मागे वाकलेल्या स्थितीत पडून राहिला. त्या काळात ही स्थिती घातक मानत. मॅकेन्झी धास्तावून आत आले, तर रुग्ण म्हणाला की पायाचं दुखणं गेलं! आपलं भुजंगासन ज्याला ठाऊक आहे त्याला ही स्थिती नवी नाही. पण भुजंगासन सगळ्यांना एकाच मापाने लावायचं नसतं, आणि पश्चिमोत्तानासन तर या दिवसांत बहुतेकांना नको.

साठी-सत्तरी ओलांडलेल्यांचं गणित उलटं असतं. त्यांच्यात गादीपेक्षा मणक्यातली वाट अरुंद झालेली असते. उभं राहिलं, चाललं की पाय भरून येतात. बसलं किंवा पुढे वाकलं की सुटतात. मंडईत चालताना दर दहा दुकानांवर टेकणारे आजोबा सायकल मात्र मजेत चालवतात ते यामुळेच. त्यांना मागे वाकवलं तर त्रास वाढतो. त्यांना गुडघे पोटाशी घेणारे व्यायाम द्यायचे. म्हणून शेजाऱ्याला गुण आलेला व्हिडिओ बघून व्यायाम करू नका. करायचाच झाला तर एक कसोटी लावा: व्यायामानंतर कळ वर सरकली तर चालू ठेवा, खाली उतरली तर तिथेच थांबा.

पहिल्या आठवड्यात मी फार काही करत नाही, हे कबूल करते. कुठल्या स्थितीत आराम पडतो ते शोधायचं: उताणं झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवणं किंवा कुशीवर झोपून दोन गुडघ्यांत उशी. भारतीय बैठकीचा संडास काही दिवस टाळायचा. सर्जिकलच्या दुकानात कमोडची खुर्ची भाड्याने मिळते. शिंक आली तर भिंतीला हात लावून कंबर ताठ ठेवायची. आणि दर तासाला उठून पाच मिनिटं चालायचं, घरातल्या घरात का होईना. पूर्वी तीन-तीन आठवडे सक्तीने झोपवून ठेवत. नेदरलँड्समध्ये १८३ सायटिका रुग्णांवर याची परीक्षा झाली आणि १९९९ मध्ये निकाल आला: दोन आठवडे झोपून राहिलेले आणि हिंडते-फिरते राहिलेले यांच्यात फरक नाही. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे ८७ टक्के सुधारले होते. झोपून फक्त स्नायू जातात आणि मन खचतं.

सकाळचा पहिला तास मात्र जपायचा. रात्रभर गादी पाणी शोषून फुगते, सकाळी माणूस सेंटिमीटरभर उंच असतो. त्या टम्म फुगलेल्या गादीवर वाकून भार दिला तर ताण जास्त पडतो. आणि आपल्या बायकांची वाकण्याची सगळी कामं नेमकी त्याच तासातली: नळाचं पाणी, हंडे, केर, सडा. नळ सहालाच येतो हे मला माहीत आहे. हंडा दुसऱ्या कुणीतरी उचलावा, एवढंच घरच्यांना सांगते.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कळ कुल्ल्यापर्यंत मागे हटली की नस मोकळी करणारे व्यायाम सुरू होतात. खुर्चीत बसून गुडघा सरळ करताना मान वर, गुडघा दुमडताना मान खाली. पायजम्यात नाडी ओवून मागे-पुढे करतो तशी नस आपल्या वाटेत सरकते. ताणायची नाही, सरकवायची. त्यानंतर खरी मेहनत: उताणं झोपून कुल्ले उचलणं, हातापायांवर ओणवं होऊन विरुद्ध हात-पाय लांबवणं, कमरेतून न वाकता खुब्यातून वाकायला शिकणं, आणि शेवटी वजन उचलणं. हो, वजन. टेम्पोवाल्याला "आयुष्यभर जड उचलू नका" सांगून मी त्याचं पोट भरणार नाही. आठव्या आठवड्यात त्याच्याकडून मी दवाखान्यातच क्रेट उचलून घेतला, आधी रिकामा, मग आत पुस्तकं भरून.

मशिनबद्दल विचारतातच. शेक देणारं, मुंग्या आणणारं, कमरेला वजन लावून ओढणारं, सगळी माझ्याकडेही आहेत. थोडा वेळ बरं वाटतं. पण ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत २०१६ पासून सायटिकासाठी ट्रॅक्शन, पट्टे, अल्ट्रासाउंड आणि करंटच्या मशिनी वापरू नयेत असं स्पष्ट लिहिलंय. दहा दिवस नुसती मशिन लावून पैसे घेणारा आणि एकही व्यायाम न शिकवणारा फिजिओथेरपिस्ट भेटला तर दुसरा शोधा. हे मी माझ्याच धंद्याबद्दल म्हणतेय. गोळ्यांचंही तसंच. प्रीगॅबॅलिन ही नसेच्या दुखण्यावरची गोळी सर्रास दिली जाते. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत सायटिकासाठी ती खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही, गरगरणं मात्र वाढलं. चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. मणक्यातलं इंजेक्शन काहींना काही आठवड्यांचा दिलासा देतं, असह्य दिवस ढकलायला ते कामी येतं.

आणि पायाळू माणूस. उसण भरली की पायाळूकडून कमरेला पाय लावून घ्यायचा, हे माझ्या आजीनेही केलंय. उसण म्हणजे स्नायूचं आखडणं, ते चार दिवसांत तसंही सुटतं; श्रेय पायाळूला जातं. पाय नुसता टेकवला तर बिघडत काही नाही. पण पायात कळ उतरलेली असताना कुणाची लाथ खाऊ नका, आणि हाडं कडाकडा वाजवणाऱ्याकडे तर मुळीच जाऊ नका. पायात बळ कमी असेल तर ते थेट धोक्याचं आहे.

चप्पल निसटली आणि कळलंच नाही

आता एका मावशींचं सांगते. भाताच्या लावणीला गेलेल्या, वय ५२. महिनाभर उजवा पाय प्रचंड दुखत होता. मग एका रात्रीत दुखणं कमी झालं. घरच्यांनी नारळ फोडला. माझ्याकडे आल्या त्या गुडघा दाखवायला, सायटिकाचं नावही काढलं नाही. पण दारात त्यांच्या उजव्या पायातली चप्पल मागेच राहिली आणि त्या अनवाणी पायाने आत आल्या. "मावशी, चप्पल राहिली." त्यांनी खाली पाहिलं आणि दचकल्या.

टाचांवर उभं केलं तर डावा चवडा वर आला, उजवा जमिनीला चिकटलेला. चालताना पाऊल फटकन आपटत होतं, ते आपटू नये म्हणून त्या गुडघा उंच उचलत होत्या. गुडघा दुखणारच.

सायटिकात दुखणं कमी होण्याचे दोन अर्थ असतात. दाह ओसरला, कळ वर सरकली, बळ शाबूत आहे: हा पहिला. दुसरा म्हणजे नसेचीच शुद्ध हरपत चाललीय. बधिरपणा वाढतोय, बळ जातंय, आणि म्हणून दुखत नाही. तार तुटली की करंट लागत नाही, तसं. म्हणूनच मी दुखण्याला मोजपट्टी मानत नाही. बळ आम्ही शून्य ते पाच असं मोजतो. पाच म्हणजे पूर्ण. तीन म्हणजे नुसतं स्वतःचं वजन उचलता येतं, समोरच्याने हलकं दाबलं तरी हरतं. तीनच्या खाली म्हणजे पाऊल स्वतःचंही ओझं पेलत नाही. मावशींचा अंगठा एकवर होता, घोटा दोनवर. त्याच दिवशी चिठ्ठी लिहून त्यांना स्पाइन सर्जनकडे पाठवलं, व्यायाम एकही दिला नाही.

तेव्हा शस्त्रक्रिया कधी? याला तीन दारं आहेत आणि तिन्हींची घाई वेगवेगळी.

पहिल्या दारातून धावतच जायचं. कमरेच्या खालच्या भागात नसांचा एक झुबका असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. मोठा तुकडा त्या पूर्ण झुबक्यावर बसला तर खोगीर जिथे टेकेल त्या जागा बधिर होतात: गुदद्वाराभोवती, जांघांच्या आत, जननेंद्रियांवर. धुताना स्पर्श कळत नाही. लघवी भरल्याची जाणीव होत नाही, बसलं तरी सुरू होत नाही, धार कमजोर होते. लोकांना वाटतं लघवी आपोआप सुटू लागली तरच धोका. खरं तर आधी ती अडते. संडासवरचा ताबा जातो. दोन्ही पायांत कळा किंवा अशक्तपणा येतो. पुरुषाला ताठरता येत नाही, आणि हे कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. हा प्रकार फार विरळा, पण यात तास मोजायचे असतात. शक्य तितक्या लवकर, ४८ तासांच्या आत दाब काढला तर लघवी-संडासवरचा ताबा वाचण्याची आशा जास्त. रात्री दोनला लक्षात आलं तर सकाळची ओपीडी उघडायची वाट बघू नका.

दुसरं दार मावशींचं. पाऊल पडलंय, किंवा बळ आठवड्याआठवड्याने घटतंय. इथे दिवस मोजायचे. अंगठा जरासा अशक्त आहे पण तसाच टिकून आहे, अशांपैकी बरेच जण शस्त्रक्रियेविना सुधारतात; तिथे दर तीन-चार दिवसांनी मोजत राहायचं. घरीही मोजता येतं. दात घासताना रोज टाचांवर दहा पावलं चाला, मग एकेका पायाच्या चवड्यावर उभं राहून दहा वेळा वर-खाली व्हा. काल जमत होतं आणि आज जमत नाही, तर फोन करा.

तिसऱ्या दाराशी गर्दी सगळ्यात जास्त. बळ आहे, लघवी ठीक आहे, पण सहा-आठ आठवडे नीट उपचार करूनही झोप नाही, काम नाही. इथे शस्त्रक्रिया हा पर्याय आहे, सक्ती नाही. नेदरलँड्समध्येच सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ जणांची २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी मला इथे सगळ्यात प्रामाणिक वाटते. निम्म्यांची लवकर शस्त्रक्रिया, निम्म्यांना आधी वाट बघायला लावलं. लवकर केलेले साधारण चार आठवड्यांत बरे झाले, थांबलेल्यांना बारा लागले. थांबलेल्यांतल्या ३९ टक्क्यांना शेवटी शस्त्रक्रिया करावीच लागली. आणि वर्षाअखेर दोन्हीकडे ९५ टक्के बरे! म्हणजे शस्त्रक्रियेने तुम्ही प्रामुख्याने वेळ विकत घेता. कुणाला ते दोन महिने परवडत नाहीत. रोजंदारीवर घर चालतं, परीक्षा आहे, घरात तान्हं मूल आहे. त्याने शस्त्रक्रिया निवडली तर तो घाबरट नव्हे. ज्याला रजा आहे आणि सोसवतंय त्याने थांबावं.

पण वर्षानुवर्षं थांबू नये. कॅनडातल्या २०२० च्या चाचणीत चार ते बारा महिने सायटिका अंगावर काढलेल्या १२८ जणांना घेतलं होतं. सहा महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांचं पायाचं दुखणं दहापैकी २.८ वर आलं, न झालेल्यांचं ५.२ वर अडकलं. इतके महिने टिकलेली नस आपसूक निवळण्याची शक्यता कमी होत जाते. "ऑपरेशन नको" हा हट्ट आमच्या फिजिओथेरपीवाल्यांचाही असतो, कारण रुग्ण गेला की गिऱ्हाईक गेलं. तीन महिने झाले, कळ तसूभर हटली नाही, तर तुम्हीच विचारा: मॅडम, आता सर्जनना दाखवू का?

ऑपरेशन म्हणजे नेमकं काय

सायटिकासाठीची नेहमीची शस्त्रक्रिया छोटी असते. दोन-तीन सेंटिमीटरचा छेद, सूक्ष्मदर्शक किंवा दुर्बीण, नसेवर बसलेला तुकडा काढायचा आणि बाहेर यायचं. सगळी गादी काढत नाहीत. बहुतेकांना एक-दोन दिवसांत घरी सोडतात. साध्या फाटलेल्या गादीला स्क्रू-सळया लागत नाहीत. मणका मणक्यावरून घसरत असेल किंवा कणा अस्थिर असेल तर त्याचा विचार होतो. तुम्हाला स्क्रू सांगितले असतील तर कशासाठी हे विचारा आणि दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. 'मणक्याचं ऑपरेशन म्हणजे माणूस लुळा' ही गावातली समजूत आजच्या काळात खरी नाही. संसर्ग, नसेला इजा, आवरण फाटून पाणी गळणं हे धोके आहेत, पण कमी.

काय बरं होतं हेही आधी कळलेलं बरं. पायाची कळ बहुतेकदा शुद्धीवर येतानाच गेलेली असते. बधिरपणा सावकाश जातो. कंबरदुखी मात्र या शस्त्रक्रियेचं लक्ष्यच नाही. पाय न दुखता फक्त कंबर दुखते म्हणून गादी काढायला गेलात तर निराश व्हाल. शंभरातल्या पाच-दहा जणांना, कधी थोड्या जास्तच, त्याच जागी पुन्हा गर बाहेर येतो.

आणि शस्त्रक्रिया झाली म्हणजे माझ्यापासून सुटका नाही. दुसऱ्या दिवसापासून चालायचं. पहिले काही आठवडे वाकणं, वळणं, जड उचलणं टाळायचं, मग तेच सगळे व्यायाम जे टेम्पोवाल्याने केले.

टेम्पोवाला तिसऱ्या महिन्यात गाडीवर परतला. क्रेट आता तो छातीशी धरून, पाय फाकवून उचलतो. एमआरआयची पिशवी माझ्याकडे दीड महिना तशीच पडून होती, शेवटी त्यानेच मागून नेली.

मावशींची शस्त्रक्रिया सर्जननी दोन दिवसांत केली. मार खाल्लेला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने वाढतो, आणि कमरेपासून नडगीच्या स्नायूपर्यंतचं अंतर निम्म्या मीटरहून जास्त. म्हणजे हिशोब दीड-दोन वर्षांचा. घोट्याला प्लास्टिकचा आधार दिला, मागे पट्टा असलेली सँडल घ्यायला लावली. चौथ्या महिन्यात घोटा तीनवर आला. अंगठा अजून दोनवर आहे. दर पंधरवड्याला त्या येतात, खुर्चीत बसतात, पदर सावरतात आणि मी काही म्हणायच्या आत पाय पुढे करतात. "बघ गं, हलतोय का."

मी खाली बसून बघते. हलतो. थोडासा.